दुसरी साक्ष

इनास मेस्तने चिरा उचलला होता. खिडकीच्या वरच्या थरात तो बसवणार, तेवढ्यात माझा भाऊ फाटकातून आत आला आणि म्हणाला, "मेस्त, थांब. तो वर ठेवू नको."

मेस्त म्हणजे आमच्याकडचा गवंडी. इनासने चिरा वर ठेवला नाही आणि खालीही ठेवला नाही. जांभ्या दगडाचा तो ठोकळा पोटाशी धरून तो दादाकडे बघत राहिला. दादाच्या मागे आमचे शेजारी पुंडलीककाका उभे होते. ते स्वतःच्या चपलांकडे बघत होते.

"काय झालं, बाब?" इनासने विचारलं.

"ही जागा निम्मी माझ्या नावावर आहे. मला न विचारता इथे बांधकाम चाललंय. मी या कामावर एंबार्गो घालतोय."

मी विहिरीवरून आणलेली कळशी कमरेवर घेऊन तिथेच उभी होते. ती खोली माझ्यासाठी होती.

गोवा तेव्हा पोर्तुगीजांचा होता आणि कायदाही त्यांचाच. त्या कायद्यात एक सोय होती. कोणी नवं काही बांधायला काढलं आणि त्यात आपलं नुकसान आहे असं वाटलं, तर आधी कोर्टात धावायची गरज नव्हती. आपण स्वतः जागेवर जायचं आणि मालकाला, मालक नसेल तर गवंड्याला, दोन साक्षीदारांसमोर तोंडाने सांगायचं की काम थांबव. बस. त्या क्षणापासून गवंड्याचा हात बांधला जायचा. मग थोड्याच दिवसांत त्याच दोन साक्षीदारांना कोर्टात उभं करून काय सांगितलं, काय ऐकलं हे वदवून घ्यायचं, म्हणजे तो एंबार्गो पक्का. आमच्या बारदेश तालुक्यात या शब्दाला लोक पोलिसापेक्षा जास्त भ्यायचे. थट्टेतसुद्धा तो असायचाच. जेवताना कोणी चौथ्यांदा भात मागितला की आमचे बाबा म्हणायचे, याच्या ताटावर एंबार्गो घाला रे.

दादाला हे सगळं तोंडपाठ होतं, कारण तो म्हापशाला एका वकिलाकडे कारकून होता. दिवसही त्याने बरोबर निवडला होता. बाबा खोलीसाठी कौलं ठरवायला सकाळीच होडीने खाडीपलीकडे गेले होते. बाबांच्या तोंडावर हे सांगायची त्याची छाती नव्हती.

माझं नाव कुमुदिनी. लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी माझा नवरा विषमज्वराने गेला. सासरच्यांनी तेराव्यानंतर माझी ट्रंक बैलगाडीत ठेवली आणि मला माहेरी पोचवलं. तेव्हापासून माझ्या आत काहीतरी बधिर झालं होतं. रडू येत नव्हतं, भूक लागत नव्हती, कोणी बोललं तर लागत नव्हतं. वहिनीने मला भाताच्या कोठाराशेजारची बोळकांडी झोपायला दिली. तिथे पाय लांब करायला जागा नव्हती. वहिनी वाईट बाई नव्हती, पण तिला दिवस गेले होते आणि सकाळी उठून पहिलं माझं तोंड दिसू नये असं तिला वाटायचं. ते ती बोलायची नाही. मी दिसले की फक्त पदर पोटावर ओढून घ्यायची.

बाबांनी ते बघितलं. एक दिवस जेवून उठताना म्हणाले, पडवीमागे कुमुदला एक खोली बांधतोय, तिचं दार तिचं आणि चूल तिची. दादाने ते ऐकून घेतलं. ती पडवीमागची जागा बाबांनीच त्याच्या लग्नात निम्मी त्याच्या नावावर केली होती. आज खोली, उद्या हिस्सा, असा हिशेब त्याने मनात केला असणार. आई ताटं उचलत होती. 

मला त्या खोलीचा आनंद झाला होता असं म्हणवत नाही. पण रोज संध्याकाळी मेस्त गेला की मी त्या चार अर्धवट भिंतींच्या आत जाऊन जमिनीवर पाय लांब करून बसायची. एवढंच करायची. त्या वेळी मला जगात तेवढंच हवं होतं.

तर इनास चिरा धरून उभा होता. त्याला याआधीही दोनदा कुठे कुठे असं थांबवलेलं होतं, त्यामुळे त्याला राग आला नाही. त्याने फक्त विचारलं, "साक्षीदार एकच दिसतो, बाब?"

"प्रभू मास्तर येतायत. होडीची खोटी झाली असेल. आपण थांबू."

"मग तोवर मी हा चिरा बसवतो," इनास म्हणाला. "हात भरून आले."

दादाचा चेहरा उतरला. पुंडलीककाकांनी दादाकडे बघितलं. परत जायला मिळालं तर बरं, असं त्यांच्या तोंडावर स्पष्ट होतं. मी कळशी खाली ठेवली. एक चिरा बसेल, मग दुसरा बसेल, मास्तर येईपर्यंत खिडकी पुरी होईल, असं काहीतरी माझ्या मनात आलं. खूप दिवसांनी मला काहीतरी वाटलं होतं.

आई पडवीच्या पायरीवर कोकमाची सोलं वाळत घालत होती. तिने हात पदराला पुसले आणि उठली.

"मास्तर कशाला हवेत?" ती म्हणाली. "मी आहे ना. मी राहते साक्षीला."

दादाला क्षणभर खरंच वाटलं नाही. मग तो घाईघाईने म्हणाला, "ये, ये. इथे उभी राहा." त्याने तिला पुंडलीककाकांच्या शेजारी उभं केलं. आईने डोक्यावरचा पदर नीट केला. माझ्याकडे तिने बघितलं नाही. दादाने घसा साफ केला आणि मेस्तला सांगायचं ते सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगितलं, स्वच्छ आवाजात, एकेक शब्द सुटा करून. इनासने चिरा जमिनीवर ठेवला, थापी धुतली, मुंडाशाने तोंड पुसलं आणि माझ्याजवळून जाताना हळूच म्हणाला, "बाय, माझा इलाज नाही."

प्रभू मास्तर आले तेव्हा इनास घरी पोचलासुद्धा असेल. छत्री मिटत ते फाटकात उभे राहिले. दादा त्यांना म्हणाला, झालं काम, तुमची गरज पडली नाही, चहा घ्या. मास्तर चहा घेऊन, आमच्या आंब्याची चौकशी करून गेले.

बाबा संध्याकाळी परतले. दादाने केलं ते ऐकून ते तितके हादरले नाहीत. आईचं नाव ऐकलं तेव्हा मात्र पायरीवर बसले. त्यांनी तिला एकच विचारलं, "तू?" ती म्हणाली, "मग काय झालं? मुलगा आहे माझा." आणि आमटीला फोडणी द्यायला आत गेली.

मी आईशी बोलणं टाकलं. टाकलं म्हणजे ठरवून नाही. तिच्याशी बोलायला तोंड उघडायचं आणि आत काही सापडायचं नाही. ती माझ्यापुढे ताट ठेवायची, मी जेवायची. ती केसांना तेल लावायला बसवायची, मी बसायची. तिच्या हातांचा मला राग आला असता तर बरं झालं असतं.

कोर्टाच्या दिवशी दादा आईला आणि पुंडलीककाकांना घेऊन पुढे गेला. बाबा मला घेऊन मागून निघाले. मला नेण्याची काही गरज नव्हती. बहुतेक त्यांना एकट्याने जायचं नव्हतं. म्हापशाच्या कोर्टाच्या व्हरांड्यात आम्ही एका टोकाला बसलो आणि ते तिघे दुसऱ्या टोकाला. दादाने आईसाठी वाटेत शहाळं घेतलं होतं. ती ते सावकाश पीत होती.

बाबांचा वकील म्हातारा ख्रिस्ती गृहस्थ होता. बोलायची त्याला भारी हौस. वेळ जावा म्हणून असेल, नाहीतर बाबांचा चेहरा बघून असेल, तो त्या शब्दाचीच गोष्ट सांगत बसला. म्हणाला, हा शब्द स्पेनकडून आला आणि त्याच्या पोटात एक आडवी दांडी आहे, आपण दाराला आतून अडसर घालतो ना, तशी. पुढे तो शब्द बोटींना लागला. राजाचं कोणाशी बिनसलं की त्याचा हुकूम सुटायचा आणि बंदरातल्या बोटी जागच्या जागी अडकायच्या. माल भरलेला, शिडं तयार, वारा चांगला, पण हलायचं नाही.

"बोट बुडवायची नाही आणि फोडायचीही नाही," तो म्हणाला. "नुसती उभी ठेवायची. मग ती उभी राहून राहून आपोआप कुजते."

मी ते ऐकलं आणि मला वाटलं, ही बोट मला माहीत आहे. पुढे वर्तमानपत्रांत हा शब्द फार वेळा वाचला. या देशाने त्या देशाच्या तेलावर एंबार्गो घातला, शस्त्रांवर घातला. प्रत्येक वेळी मला एक माणूस पोटाशी चिरा धरून उभा दिसायचा.

आत बोलावलं. न्यायाधीश पोर्तुगीज होता, त्याला आमची भाषा येत नव्हती. शेजारी दुभाषा बसला होता, बारीक मिशीचा, तरतरीत. पुंडलीककाकांनी आपली साक्ष पडल्या आवाजात पण बरोबर दिली. मग आई उभी राहिली. दुभाष्याने विचारलं की त्या दिवशी तुम्ही बांधकामाच्या जागी होता का.

आई त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. मग कानामागे हात धरला.

"मोठ्याने बोला, बाब. मला ऐकू येत नाही."

दादा हसला. त्याला वाटलं, ती कोर्टाला घाबरली. दुभाष्याने मोठ्याने विचारलं.

"होते," आई म्हणाली. "मुलाने उभं केलं तिथे उभी होते."

"मुलगा गवंड्याला काय म्हणाला?"

"ते कसं कळणार? तो हात हलवत होता. मेस्तने दगड खाली ठेवला."

"तुम्ही काहीच ऐकलं नाही?"

"मला ऐकू येत नाही," आईने पुन्हा सांगितलं.

दादाचं हसू गेलं. तो उठून म्हणाला की हे खोटं आहे, माझ्या आईचे कान घारीसारखे आहेत. घारीचे डोळे तीक्ष्ण असतात, हे त्याला त्या क्षणी सुचलं नाही. दुभाष्याने ते न्यायाधीशाला सांगितलं. न्यायाधीशाने मान हलवून काहीतरी म्हटलं. दुभाषा जागेवरून उठला, टेबलाला वळसा घालून सावकाश आईच्या मागे गेला आणि अगदी रोजच्या आवाजात, जवळजवळ पुटपुटत म्हणाला, "आजी, तुमचा पदर पेटलाय."

मी बाकावरून अर्धी उठले होते. बाबांचा हात माझ्या दंडावर आला. पुंडलीककाका मागे सरकले. कोर्टातला पट्टेवाला पाण्याच्या मडक्याकडे वळला.

आई न्यायाधीशाच्या डोक्यावरच्या तसबिरीकडे बघत उभी होती. तिचा खांदासुद्धा हलला नाही. थोड्या वेळाने, सगळे आपल्याकडेच का बघतायत असं वाटून तिने दादाकडे बघितलं आणि विचारलं, "झालं? जायचं का घरी?"

साक्षीदार दोन हवे होते. ऐकलेला एकच निघाला. एंबार्गो पडला.

इनास दुसऱ्याच दिवशी आला, आपल्या दोन भावांना घेऊन. बाबा रोज सकाळपासून खुर्ची टाकून तिथे बसले. कौलं आली, दार बसलं. दादाने पुन्हा काही केलं नाही. पुंडलीककाका आता त्याला टाळत होते, आणि प्रभू मास्तरांना विचारलं तर ते म्हणाले, ज्या दिवशी मी आलो होतो त्या दिवशी तुला माझी गरज नव्हती. ते वाक्य कोणीतरी मला सांगितलं तेव्हा मी नव्या चुलीवर पेज ठेवत होते. मी पळी पेजेतच सोडली. होडीची खोटी झाली नसती किंवा आई पायरीवरून उठली नसती, तर मास्तर दुसरे साक्षीदार झाले असते. मास्तरांना स्वच्छ ऐकू यायचं आणि ते खोटं बोलणारे नव्हते. इनासने चिरा पोटाशी धरलेला असताना, तेवढ्या वेळात, आईने हे सगळं मनात जुळवलं होतं.

मी तशीच धावत घरात गेले. आई पाठमोरी बसून तांदूळ निवडत होती. मी हाक मारली. पुन्हा मारली. तिने वळून बघितलं नाही. मी समोर जाऊन बसले तेव्हा तिने माझ्या तोंडाकडे बघितलं, ओठ वाचावे तसं, आणि म्हणाली, "काय गो? मोठ्याने बोल."

वहिनी दारात उभी होती. मला वाटलं, तिच्यामुळे. पण नंतर माझ्या खोलीत, दार लावून, अडसर घालून, मी आईच्या कानाशी कुजबुजले तेव्हाही ती मोठ्याने बोल म्हणाली. मी मोठ्याने बोलले नाही. जे सांगायचं होतं ते मोठ्याने सांगण्यासारखं नव्हतं.

दादाने वर्षभर तिच्यावर पाळत ठेवली. मागून हळूच हाक मारायचा, तिच्या पाठीशी पितळी डबा टाकायचा. ती दचकली नाही. वहिनीला मुलगा झाला. तो माजघरात पाळण्यात रडायचा आणि आई हातभर अंतरावर त्याच्याकडे पाठ करून वाती वळत बसायची. कोणी येऊन खांद्याला हात लावून पाळण्याकडे बोट दाखवलं की मग ओशाळून उठायची. नातवासाठी जीव टाकणारी बाई होती ती. पूर्वी ती काम करताना सारखी गुणगुणायची, ते तिने सोडून दिलं. बहिऱ्या माणसाला स्वतःचं गाणं कसं ऐकू येणार?

हळूहळू दादाला पटलं. त्या दिवशी ती मास्तरांचं नाव ऐकूनच पायरीवरून उठली होती, हेही तो विसरला. त्याला पटायला हवंच होतं, कारण दुसरं पटवून घेतलं असतं तर आईने आपल्याविरुद्ध चारचौघांसमोर, कोर्टात, शपथेवर खोटं सांगितलं हे घेऊन त्याला जगावं लागलं असतं. त्यापेक्षा आईचे कान गेले हे बरं होतं. तो तिच्याशी चांगला वागला. पुढे गोवा मुक्त झाला, बाबा वारले, दादा मुंबईला गेला होता तेव्हा तिथून आईसाठी कानात घालायचं यंत्र घेऊन आला. स्वतः तिच्या कानात बसवलं, आवाजाचं चाक फिरवत नेलं, ते किंचाळायला लागलं तरी फिरवत राहिला आणि कानाजवळ तोंड नेऊन ओरडला, "आई, आता?" मी तिथे होते. आईच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने मान हलवली. म्हणाली, "नाही रे बाबा. काही फरक नाही." मग ते यंत्र तिने फडक्यात गुंडाळून देवळीत ठेवलं आणि रोज त्याच्यावरची धूळ पुसत राहिली.

खरं सांगायचं तर मलाही पटत चाललं होतं. मला वाटायचं, सोंग घेता घेता कान खरेच गेले असतील. इतकी वर्षं कोण कशासाठी असं राहील? आणि ती माझ्याशीही तशीच वागते म्हणून मला तिचा राग यायचा. तो राग मला बरा वाटायचा. निदान काहीतरी वाटत होतं.

शेवटच्या आजारात तिला मी माझ्या खोलीत आणलं. तिची खाट खिडकीखाली टाकली, भिंतीकडे तोंड करून ती पडायची. त्याच खिडकीवर त्या दिवशी काम अडलं होतं. औषध, पाणी, अंग पुसणं, सगळं खुणांनी चालायचं.

एका दुपारी दादा आला. त्याचेही केस पांढरे झाले होते. आई भिंतीकडे वळून पडली होती. त्याने चपला बाहेर काढल्या, आवाज न करता आत आला आणि खाटेशेजारी उकिडवा बसला. तिला हात लावला नाही. तिला कळणार नाही अशी खात्री असल्यामुळेच असेल, तो तिच्या पाठीशी बोलायला लागला, अगदी खालच्या आवाजात.

"आई, मी त्या दिवशी तुला साक्षीला उभं करायला नको होतं. तुझे कान गेलेत हेसुद्धा मला ठाऊक नव्हतं. एवढंसुद्धा लक्ष नव्हतं माझं. तेव्हापासून तुला हे सांगायचं होतं."

तो थांबला. मी चुलीपाशी बसले होते. तिने आता वळावं, एवढंच मी मनात म्हणत होते. ती हलली नाही. तिचा श्वास तसाच चालू होता. दादा आणखी थोडा वेळ बसला. मग माझ्याकडे बघून, काही उपयोग नाही अशी मान हलवून, अनवाणीच बाहेर पडला आणि दारापाशी चपला हातात घेऊन गेला. पायांचा आवाज झाला नाही. फाटकाची कडीसुद्धा त्याने हळूच लावली.

मी चुलीतलं लाकूड मागे ओढलं.

"गेला?" आईने भिंतीकडे बघतच विचारलं.

 मी तिच्याजवळ गेले नाही. जिथे होते तिथूनच, रोजच्या आवाजात, तिच्या पाठीशी म्हणाले, "गेला."

"बरं," ती म्हणाली. मग थोड्या वेळाने, "तूही तेव्हा माझ्याशी बोलत नव्हतीस."

"हो," मी म्हणाले.

 संध्याकाळी तिने पाणी मागितलं ते पुन्हा खुणेनेच.